पावसाळ्यात घरात सायकल : दिवाळीनंतरच्या मांडवा–गोवा किनारी सफरीची तयारी

वेताळटेकडी

मंडळी, दिवाळीचा फराळ संपला की आम्ही चौघं सायकलवर मांडव्याहून गोव्याला निघतोय. भाऊच्या धक्क्यावरून रोरोने (गाड्या नेणाऱ्या मोठ्या बोटीने) मांडवा, पुढे अलिबाग, काशिद, मुरूड, आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघी, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याहून पलीकडे वेश्वी, मग केळशी, आंजर्ले, दाभोळ, गुहागर, जयगड, गणपतीपुळे, रत्नागिरी, पूर्णगड, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले आणि शेवटी तेरेखोल. महामार्ग टाळायचा आणि समुद्र उजव्या हाताला ठेवत खाली उतरायचं. अंतर पाचशे किलोमीटरच्या वर जातं. आठ दिवस धरलेत, सामान सायकलवरच.

प्रश्न तयारीचा आहे. पुण्यात जून ते सप्टेंबर लांब पल्ल्याची सायकल नियमित चालवणं होत नाही. पाऊस अंगावर घ्यायला कुणाची ना नाही, पण पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली दिसत नाही आणि संध्याकाळी समोरच्या गाड्यांचे दिवे ओल्या चष्म्यावर असे पसरतात की रस्ता कुठे संपतो तेच कळत नाही. म्हणून आठवड्यातलं बहुतेक काम घरातच करायचं ठरवलंय. माझ्याकडे हायब्रिड सायकल आणि मागचं चाक रोलरवर टेकतं तो, सायकल जागेवरच चालवायचा साधा मॅग्नेटिक ट्रेनर आहे. पायांचा जोर वॅटमध्ये मोजणारं पॉवर मीटर नाही. आमच्यापैकी एकाकडे स्मार्ट ट्रेनर (ॲपला जोडून पडद्यावरच्या चढाप्रमाणे जोर बदलणारा) आहे, एका मैत्रिणीकडे काहीच नाही.

घरातल्या सायकलिंगवर जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक वेग कसा वाढवावा याबद्दल असतं. सफरीला निघणाऱ्याचं काम वेगळं आहे, असं माझं ठाम मत आहे. सत्तर किलोमीटर एका दिवसात जाणं आपल्यापैकी अनेकांना जमतं. कस लागतो तो चौथ्या दिवशी सकाळी, जेव्हा मांड्या दुखत असतात, बूड सोललेलं असतं, आदल्या रात्री झोप धड झालेली नसते आणि तरी परत सीटवर बसून पहिल्याच किलोमीटरला चढ घ्यायचा असतो. तयारी त्या सकाळची करायची. म्हणून मी आठवड्याची मांडणी लागोपाठच्या दिवसांवर केली आहे.

सोमवारी विश्रांती. मंगळवारी चढ : दहा मिनिटं हलकं, मग जड गिअर लावून पेडलच्या मिनिटाला 55 ते 60 फेऱ्या, बसूनच, दहा मिनिटं. पाच मिनिटं सैल. पुन्हा दहा. असे तीन, पुढे चार. बुधवारी पाय जड असतानाच तासभर आरामात, 80 ते 90 फेऱ्यांनी, शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतपतच दम. गुरुवारी सायकल नाही, फक्त ताकदीचे व्यायाम. शुक्रवारी पुन्हा तासभर. शनिवारी दोन तास आणि रविवारी अडीच तास, आणि या दोन्हीतला रविवार महत्त्वाचा. रविवारी जोर लावायचा नाही, पण चुकवायचाही नाही. तीन आठवडे वेळ थोडा थोडा वाढवायचा, चौथ्या आठवड्यात जवळजवळ निम्म्यावर आणायचा, आणि मग पुन्हा चढती भाजणी.

यात काय सुटतंय ते जाणकारांनी सांगावं. विशेषतः किनाऱ्याचा रस्ता ज्यांच्या पायाखालचा आहे त्यांनी.

ठाणेकर_चक्र

छान धागा. पण एक मुद्दा पटला नाही. नोकरी, प्रवास, घर सांभाळून रविवारी अडीच तास भिंतीकडे बघत पेडल मारणं किती जणांना झेपेल? मी घरात 40–45 मिनिटांची इंटरव्हल्स (जोराचे छोटे तुकडे, मधे सैल) करतो. 20 मिनिटं जीव तोडून चालवायचं, जी सरासरी पॉवर येईल तिच्या 95 टक्के धरायची, हा झाला तुमचा एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल एवढी पॉवर. त्याच्या 106 ते 120 टक्क्यांवर तीन-तीन, चार-चार मिनिटांचे तुकडे. आठवड्यातून तीनदा एवढं केलं तरी दमसास झपाट्याने वाढतो. कमी वेळात जास्त फायदा. सफरीतला वेग आपोआप तुमच्या ताकदीच्या निम्म्यावर येतो, मग दिवसभर चालवा.

वेताळटेकडी

@ठाणेकर_चक्र, इंटरव्हल्सना माझा विरोध नाही. दमसास वाढतो हे खरंच आहे आणि आठवड्यातला एक दिवस मी त्याला द्यायला तयार आहे. पण बूड, मनगटं, मान, कंबर आणि पोट यांना इंटरव्हल्सनी काहीच शिकवलं जात नाही. सफरीत दिवसाचे पाच-सहा तास सीटवर जाणार. 45 मिनिटांत सीट कुठे रुतते ते कळतच नाही, ते दीड तासानंतर कळायला लागतं. ज्या शॉर्ट्समध्ये आणि ज्या सीटवर जायचंय त्यांची परीक्षा फक्त वेळच घेऊ शकतो. शिवाय तीन-चार मिनिटं जीव तोडून केलेल्या व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी पाय मोकळे नसतील तर तुम्ही विश्रांती घेता, आणि ते योग्यच आहे. सफरीत ती सोय नसते.

खाडीपलीकडे

मी रत्नागिरीचा. या रस्त्याचे तुकडे वर्षभर चालवतो, म्हणून थोडं लांब लिहितो.

नकाशात किनारा बघून लोकांना वाटतं समुद्राकाठचा रस्ता म्हणजे सपाट. तो सपाट नाही. गावं खाली पुळणीला किंवा खाडीच्या काठाला, आणि दोन गावांच्या मधे सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार. खाडीवरून निघालं की रस्ता वळसे घेत थेट सड्यावर चढतो, शे-दीडशे मीटर उंच, वर जांभ्याच्या कातळावरून थोडं सपाट, आणि परत दुसऱ्या खाडीत उतार. हे दिवसातून चार-पाच वेळा. दाभोळला फेरीबोटीने धोपाव्याला उतरलात की समोर चढ. तवसाळहून जयगडला उतरलात की पुन्हा चढ. कुठला एक मोठा घाट नाही, की तो चढलो आणि झालं. चढ छोटे पण उभे, आणि ते येतात तेव्हा तुम्ही फेरीबोटीवर अर्धा तास उभं राहून पाय गार केलेले असतात.

म्हणून वेताळटेकडी यांच्या मंगळवारच्या सरावात एक बदल सुचवतो. दहा मिनिटांचा चढ संपल्यावर पाच मिनिटं सैल चालवू नका. सायकलवरून उतरा. पंधरा-वीस मिनिटं घरातलं काही काम करा, पाणी प्या, आणि मग कसलंही वॉर्मअप न करता एकदम जड गिअरवर दुसरा चढ सुरू करा. पहिली दोन मिनिटं फार वाईट जातात. तेच हवं आहे. फेरीबोटीवरून उतरल्यावरचे पाय असेच असतात. सुरुवात जड गिअरवर झाली तरी त्या दोन मिनिटांत जोर न लावता सर्वांत हलक्या गिअरला उतरून श्वास जागेवर येऊ देणं, ही सवय घरात बसून लागते.

आणि दुसरं. घरातल्या सरावाने उतार शिकता येत नाही. पावसानंतर आमच्याकडे झाडीतल्या वळणांवर शेवाळ धरतं, ते ऑक्टोबरच्या उन्हात सुकतं पण सावलीतलं उशिरापर्यंत राहतं. सामान लादलेली सायकल उतारावर कशी वागते, ब्रेक किती आधी धरायचे, मागच्या पॅनियरमुळे (चाकाच्या बाजूला लटकवलेल्या पिशव्यांमुळे) शेपूट कशी हलते, हे रस्त्यावरच कळणार. पावसाने उघडीप दिली की सगळं सामान लादून एखादा घाट चढून-उतरून या. पुण्यात तुम्हाला सिंहगड आहे, बोपदेव आहे.

ओली_चेन

खाडीपलीकडे यांच्या चढावर थोडं गणित मांडतो, कारण त्यावरून घरात किती जोर लावायचा आणि सायकलला कुठले गिअर हवेत हे दोन्ही ठरतं.

माणूस 70 किलो, सायकल 15, सामान 15. एकूण 100 किलो. 8 टक्के चढ, वेग ताशी 6 किलोमीटर. गुरुत्वाकर्षण आणि टायरचं घर्षण धरून साधारण 140 वॅट लागतात. सामान नसेल तर तोच चढ त्याच वेगाने 120 वॅटच्या आत. चढ 10 टक्के झाला की सामानासकट 170 च्या वर. म्हणजे ज्याचा एफटीपी 180 आहे त्याच्यासाठी 10 टक्क्यांचा प्रत्येक चढ हा जवळजवळ पूर्ण क्षमतेचा आहे, आणि हळू जाऊनही फारशी सुटका नाही. कारण ताशी पाचच्या खाली सायकल तोल धरत नाही. इथे @ठाणेकर_चक्र यांचं म्हणणंही खरं ठरतं, क्षमतेचं छत थोडं वर नेणं भागच आहे.

आता गिअर. ताशी 6 म्हणजे मिनिटाला 100 मीटर. हायब्रिडच्या चाकाचा परीघ साधारण 2.15 मीटर, म्हणजे चाक मिनिटाला साडेसेहेचाळीस वेळा फिरतं. चेनचं चक्र पुढे 28 दाती आणि मागे 34 दाती असेल तर तुमचे पाय मिनिटाला 56–57 फेऱ्या मारतील. जमण्यासारखं आहे. रोडबाईक असेल, पुढे 34 आणि मागे 28, तर त्याच वेगाला 38 फेऱ्या. यात गुडघे जातात. जुन्या एमटीबीचं (माउंटन बाइकचं) 22–34 असेल तर 72 फेऱ्या, सामानासकट गप्पा मारत जाल. तुमच्या चौघांत कुणाची रोडबाईक असेल तर तीन महिने घरात घाम गाळण्याआधी मागची कॅसेट (दात्यांच्या चक्रांचा संच) मोठी बसते का ते दुकानात विचारा. डिरेलरची, म्हणजे चेन सरकवणाऱ्या यंत्रणेची, क्षमता बघावी लागते, पण बहुतेक वेळा मार्ग निघतो.

वेताळटेकडी 55–60 फेऱ्यांनी सराव करतायत तो आकडा त्यांच्या गिअरसाठी अगदी बरोबर आहे. प्रत्येकाने आपापल्या गिअरचा काढावा.

तिसरा_मजला

वाचनखूण साठवली. एक घरगुती अडचण. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर लहान बाळ आहे. ट्रेनर लावला की त्यांच्या छताला घरघर जाते. आवाज कमी होतो, पण थरथर कशी थांबवायची?

ओली_चेन

@तिसरा_मजला, मागचं टायर एमटीबीचं खडबडीत असेल तर आधी ते बदला, निम्मी घरघर तिथेच जाते. गुळगुळीत टायर घ्या आणि ते फक्त ट्रेनरपुरतं ठेवा. रोलरवर टायर मधोमध चपटं होतं, त्यामुळे सफरीचं टायर ट्रेनरवर झिजवू नका. हवा दर वेळी तपासा, हवा कमी असेल तर चाक घसरतं आणि किरकिरतं. थरथरीसाठी जिममध्ये वजनांखाली घालतात त्या जाड रबरी टाइल्स, आणि ट्रेनर खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीच्या कोपऱ्याजवळ, जिथे खाली तुळई आहे. शक्य असेल तर बाळाच्या झोपेच्या वेळा विचारून घ्या. आपणहून विचारलं की लोक सांभाळून घेतात.

घामाबद्दलही सांगतो, कारण हे कुणी सांगत नाही. घरात वारा नसतो, घाम थेट हँडलवर, स्टेमच्या (हँडल धरणाऱ्या दांडीच्या) बोल्टवर आणि हेडसेटमध्ये (हँडल फिरतं त्या बेअरिंगमध्ये) टपकतो. तो खारट असतो, बोल्ट गंजतात, हँडलटेपच्या आत अॅल्युमिनियमवर पांढरी पूड धरते. हँडलपासून सीटपर्यंत एक जुना टॉवेल ताणून बांधा आणि संपल्यावर ओल्या फडक्याने सायकल पुसून कोरडी करा. निघायच्या आधी स्टेमचे बोल्ट एकदा काढून बघाच.

फिजिओ_नाशिक

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सायकलवाले रुग्ण बरेच येतात. ट्रेनरवर दुखणी लवकर उघडी पडतात, कारण सायकल घट्ट धरलेली असते. रस्त्यावर सायकल तुमच्या खाली डावी-उजवी हलते, तुम्ही नकळत बसण्याची जागा बदलता, खड्डा आला की उठता. घरात तुम्ही एकाच जागी रुतून बसता. म्हणून दर दहा मिनिटांनी पंधरा-वीस पेडल उभं राहून मारायचे. गजर लावा. जांघेतल्या पुरळावर आणि बुडाच्या फोडांवर हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. दुसरं, मागचं चाक ट्रेनरमध्ये उचललं जातं, त्यामुळे पुढच्या चाकाखाली तेवढ्याच उंचीची फळी द्या. नाहीतर सायकल पुढे कलते, सगळा भार मनगटांवर येतो आणि करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. ते अल्नर नर्व्ह दाबली गेल्याचं लक्षण आहे, त्याकडे दुर्लक्ष करू नये.

गुडघ्याची गोष्ट ढोबळ सांगते. वाटीच्या पुढे दुखत असेल तर बहुतेक वेळा सीट खाली आहे. गुडघ्याच्या मागे दुखत असेल तर सीट वर आहे. पेडल तळाला असताना गुडघा 25 ते 35 अंश वाकलेला असावा. बाजूने मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि थांबवून बघा. सीट हलवायची ती एका वेळी चार-पाच मिलिमीटर, आणि मग तीन-चार दिवस तशीच चालवून बघायची. बोटभर एकदम वर केली की एक दुखणं जाऊन दुसरं येतं.

आणि मंगळवारच्या त्या जड गिअरबद्दल. सराव चांगला आहे, पण ज्यांनी मांड्यांचा आणि नितंबांचा व्यायाम कधी केला नाही त्यांनी पहिले तीन आठवडे तो करू नये. आधी स्क्वॉट्स, लंजेस, ग्लूट ब्रिज, एका पायावर वाकणं, पोटऱ्यांचे उठाव आणि प्लँक. सूर्यनमस्कार करत असाल तर उत्तम, त्यातल्या मागे नेलेल्या पायाच्या स्थितीत प्रत्येक वेळी पाच श्वास थांबा. दिवसभर खुर्चीत आणि मग सायकलवर बसणाऱ्यांच्या कंबरेच्या पुढचे स्नायू आखडतात, आणि कंबरदुखीचं मूळ बऱ्याचदा तिथे असतं.

पन्नाशीपार

माझं वय 56. मैत्रिणींचा गट आहे, आम्हीही याच रस्त्याचा अर्धा भाग करायचा म्हणतोय, रत्नागिरी ते मालवण. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. घड्याळात जो हार्ट रेट दिसतो त्यावरून तक्ता बघून सराव करायला गेले तर आकडा वर जातच नाही, आणि दम तर लागलेला असतो. घड्याळ खराब आहे का?

फिजिओ_नाशिक

ताई, घड्याळ बहुधा ठीक आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्या, बीटा ब्लॉकर गटातल्या, हृदयाचा वेग वाढू देत नाहीत. तुमची गोळी त्या गटातली आहे का ते डॉक्टरांना विचारा, आणि विचारताना एवढ्या अंतराची सफर करणार आहात हेही सांगा. ते स्ट्रेस टेस्ट करायला सांगतील तर करून घ्या. गोळी स्वतःहून कमी किंवा बंद करायची नाही. त्या गटातली असेल तर हार्ट रेटचे तक्ते तुमच्यासाठी नाहीत. बोलण्याची कसोटी वापरा. पूर्ण वाक्य बोलता आलं तर आरामात चाललंय, दोन-तीन शब्दांनी श्वास घ्यावा लागला तर मेहनत, शब्दच फुटेना तर थांबायचं. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, चक्कर, यातलं काहीही झालं तर लगेच उतरायचं आणि घरातल्यांना सांगायचं. घरात एकटं असताना जोराचा सराव करू नका.

पन्नाशीपार

मनापासून आभार. सोमवारीच डॉक्टरांकडे जाते.

कॅल्गरीकर

कॅनडातून लिहितोय. इथे नोव्हेंबर ते मार्च रस्त्यावर सायकल चालवणारे आहेत, पण मी त्यांच्यातला नाही. माझा सगळा हिवाळा तळघरात ट्रेनरवर जातो. मग उन्हाळ्यात युरोपात डॅन्यूबकाठी पासाऊ ते व्हिएन्ना असं सामानासकट केलं, तेव्हा हाच हिवाळा कामी आला. साधारण सव्वातीनशे किलोमीटर, रस्ता जवळजवळ सपाट, तुमच्या कोकणासारखी चढ-उतारांची परीक्षा तिथे नाही.

ज्यांच्याकडे स्मार्ट ट्रेनर आहे त्यांच्यासाठी एक बारकावा. झ्विफ्ट या घरातल्या सायकलिंगच्या ॲपमध्ये ट्रेनर डिफिकल्टी नावाची सेटिंग असते आणि ती मुळात 50 टक्क्यांवर असते. त्यामुळे पडद्यावर 10 टक्के चढ दिसला तरी पायाला तो 5 टक्क्यांसारखा लागतो आणि तुम्ही मधल्याच गिअरवर चढून जाता. लागणारी पॉवर कमी होत नाही, वर पोचायला वेळ तेवढाच लागतो, पण पाय संथ आणि जड फिरवण्याची सवय लागत नाही. सामान लादून उभे चढ चढायचे असतील तर ती पूर्ण 100 वर न्या. तेव्हा तुमचा सर्वांत हलका गिअर पुरतो की नाही हेही घरबसल्या कळेल. ओली_चेन यांचं गणित पायांनी तपासून बघता येईल.

लांब बैठकीबद्दल @ठाणेकर_चक्र यांना सांगतो, अडीच तास भिंत बघावी लागत नाही. मी रविवारी आईबाबांना फोन लावतो, त्यांच्याकडे रात्र असते, तासभर निवांत बोलतो. बोलता येतंय म्हणजे वेगही बरोबर आहे. मग बातम्या, मग कीर्तन, मग गाणी.

खाडीपलीकडे

एक गोष्ट राहिली. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये किनाऱ्यावर ऊन आणि दमट हवा असते. पुण्याच्या थंड पावसाळ्यात सराव करून आलेला माणूस सड्यावर अकरा वाजता उभा राहिला की त्याची शक्ती तिथेच गळते. सड्यावर झाड नाही, खालचा कातळ तापलेला. याची तयारी घरात होते का?

वेताळटेकडी

होते, आणि मला वाटतं घरातल्या सरावाचा हा सर्वांत मोठा फायदा आहे. शरीर जी ताकद पायाला देतं तिच्या तिप्पट-चौपट उष्णतेत जाते. 120 वॅटने पेडल मारताना साधारण चारशे वॅट उष्णता अंगातून बाहेर पडावी लागते, म्हणजे खोलीत एक लहान हीटर लावल्यासारखं. वारा नसेल तर ती बाहेर पडत नाही. म्हणून नेहमीच्या सरावाला समोर मोठा टेबलफॅन किंवा पेडेस्टल फॅन हवाच, छताच्या पंख्याने भागत नाही. पंख्याशिवाय केलेला सराव दमवतो पण पायांना हवा तेवढा व्यायाम मिळत नाही.

पण निघायच्या आधीचे दोन आठवडे मी उलट करणार आहे. आरामाच्या दिवशी पंखा हळू किंवा बंद, तासभर, जोर अजिबात नाही. उष्णतेला शरीर सरावायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात : घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, तोच व्यायाम करताना हृदयाचे ठोके उतरतात. डोकं हलकं वाटलं, शहारे आले की थांबायचं. @पन्नाशीपार ताई, तुम्ही हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

याच काळात वजनकाट्यावर घाम मोजून ठेवणार आहे. सुरू करण्याआधी आणि संपल्यावर अंग पुसून वजन करायचं. एक किलो कमी म्हणजे एक लिटर घाम, मधे प्यायलेलं पाणी त्यात मिळवायचं. मग सड्यावर तासाला किती बाटल्या लागतील याचा अंदाज येतो.

मीठभाकर

खाण्यावर कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते. लागोपाठच्या दिवसांत माणूस बसतो तो पायांमुळे कमी आणि पोटामुळे जास्त. पहिल्या दिवशी उत्साहात खात नाही, दुसऱ्या दिवशी भूकच लागत नाही, तिसऱ्या दिवशी अंगात काही उरत नाही. सायकल चालवता चालवता खाणं ही पोटाला लावायची सवय आहे आणि ती घरातच लागते.

दीड तासाच्या वरच्या प्रत्येक बैठकीत तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. मध्यम केळ्यात पंचविसेक ग्रॅम असतात. दोन केळी, किंवा एक केळं आणि चार-पाच साधे खजूर, किंवा गूळ-तुपाची पोळी गुंडाळून. भूक लागायची वाट बघायची नाही, पहिल्या अर्ध्या तासातच पहिला घास. दाण्याची चिक्की चवीला छान पण तेलामुळे जोराच्या व्यायामात पोटात बसते, ती फेरीबोटीवर खा. पाण्यात काय घालायचं तर औषधाच्या दुकानातलं डब्ल्यूएचओच्या सूत्राचं ओआरएस, एक पाकीट पाकिटावर लिहिलेल्या तेवढ्याच पाण्यात, आणि एका बाटलीत कोकम सरबत थोडं जास्त मीठ घालून. कोकणात दुसरं सगळीकडे मिळतं. नवीन काही खायचं असेल तर ते ट्रेनरवर आधी खाऊन बघा, घरी बाथरूम दहा पावलांवर आहे.

आणि संध्याकाळचं जेवण. मासे खाच, पण भाताला कंजुषी करू नका. वजन कमी करायचे बेत सफरीच्या महिन्यात नकोत.

ठाणेकर_चक्र

ओली_चेन यांच्या गणितानंतर आणि वरचं सगळं वाचून माझं मत थोडं बदललं. मंगळवारी इंटरव्हल्स, शनिवार-रविवार लागोपाठ लांब, असं करून बघतो. पण निघण्याआधी किती दिवस थांबायचं? आणि वेताळटेकडी, ज्या मैत्रिणीकडे काहीच नाही ती काय करतेय?

फिजिओ_नाशिक

शेवटचा आठवडा ते दहा दिवस वेळ निम्म्यावर आणा, पण पूर्ण बंद करू नका. दोनदा थोडा चढाचा सराव ठेवा, अगदी छोटा. ताकदीचे व्यायाम शेवटच्या आठवड्यात नकोत. दिवाळीचे दिवस आहेत, झोप भरून घ्या.

वेताळटेकडी

ती जिममधल्या स्पिनबाईकवर सराव करते आणि मला ते ट्रेनरच्या तोडीचं वाटत नाही. त्याचं चाक थेट पेडलला जोडलेलं असतं, पाय थांबवता येत नाहीत, त्यामुळे जड चाकाच्या वेगावर पाय फुकट फिरवून घेतले जातात. म्हणून तिने रेझिस्टन्स जास्त ठेवून 60–70 फेऱ्यांवर काम चालवलंय, आणि आपल्या सायकलची सीट काढून तिथे बसवते. सीटपोस्टच्या क्लॅम्पला बसली म्हणून जमलं, जिमवाल्यांना विचारूनच केलंय.

आठवड्यातून दोनदा ती सोसायटीचे अकरा मजले पायऱ्यांनी चढते, पाठीवरच्या सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या घालून, आणि खाली लिफ्टने येते. उतरताना गुडघ्यांवर भार येतो म्हणून. पावसाने परवा उघडीप दिली तेव्हा आम्ही सामान लादून बोपदेव चढलो, आणि चौघांत वरपर्यंत न थांबता, सर्वांत शांत श्वासाने तीच आली.

@खाडीपलीकडे, तुमचा फेरीबोटीचा सराव या मंगळवारपासून सुरू करतोय. तवसाळ–जयगड फेऱ्यांच्या वेळा दिवाळीच्या सुमारास बदलतात का? त्या दिवशी गुहागरहून किती वाजता निघावं?

खाडीपलीकडे

वेळा मी दिवाळीआधी धक्क्यावर जाऊन विचारतो आणि इथेच टाकतो. सुट्टीच्या दिवसांत गाड्यांची रांग लागते, पण सायकलला जागा मिळते. गुहागरहून उजाडताच निघा. वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळला नऊपर्यंत पोचलात तर जयगडचा चढ ऊन तापायच्या आत होईल. दुपारचं जेवण मालगुंडला. रत्नागिरीत मुक्काम असेल तर आरे-वारेच्या रस्त्याने या, मी भाट्याच्या पुलापर्यंत सायकल घेऊन सोबत येईन.